सासूबाईंच्या उशाशी फर्मवेअर

लग्नाला अजून अवकाश आहे, तेवढ्यात हे उरकून टाकू, असं लुटवामाच्या मनात आलं आणि तिथेच घात झाला. (लुटवामाच्या मनात काही आलं, की त्याची बायको नालवोगा आधी पोरं आणि काचेची भांडी बाजूला करते. अनुभव, दुसरं काय!)

लग्न होतं धाकट्या मेहुणीचं, फ्लावियाचं, तिकडे इंग्लंडात. सासूबाईंना व्हिसा नाकारला. लेकीचं लग्न आणि आई नाही! बाईंनी अन्नावरची वासनाच सोडली. शेवटी ठरलं, की इथे युगांडात, एम्पिगीच्या घरातच सगळ्यांनी जमायचं आणि नालवोगाच्या टॅबवर लग्न बघायचं.

पण मोबाइलची रेंज म्हणाल तर परसातल्या फणसावर चढल्याशिवाय नाही. इंटरनेट यायचं समोरच्या टेकडीवरच्या शाळेतून, हवेतून. ते झेलून घरभर वाटणारं वायफायचं यंत्र होतं सासूबाईंच्या खोलीत, उशाशी, खिडकीत. कारण टेकडी दिसते ती फक्त त्याच खिडकीतून.

आणि त्या खोलीत लुटवामाला पाऊल टाकायची सोय नव्हती. जावयानं सासूच्या खोलीत जायचं नाही, तिच्यासमोर उभं राहायचं नाही, आणि हात तर चुकूनही लावायचा नाही. लावला, तर दोघांचे हातपाय जन्मभर लटपटतात, हे बुगांडातलं शेंबडं पोरही सांगेल. लग्न झाल्यापासून त्यानं सासूबाईंचा आवाज ऐकला होता आणि पाठ पाहिली होती. दोन्हींचा त्याला धाक होता.

यंत्र त्यानंच आणलेलं, स्वस्तातलं. बनवणाऱ्या कंपनीनं केव्हाच हात वर केलेले. त्यामुळे ते मधूनच रुसायचं. आता जगभरातली काही हौशी डोकी मिळून असल्या टाकलेल्या यंत्रांसाठी नवं फर्मवेअर, म्हणजे त्यांच्या पोटातली अक्कल, लिहितात आणि सगळ्यांना खुलं ठेवतात. पण नेमकं हे यंत्र त्या अकलेला ओळखीचं नव्हतं. ती ओळख करून द्यायची, असा लुटवामानं विडा उचलला. कित्येक महिने दर रविवारी बायकोकरवी यंत्र खाली उतरवायचा, ओट्यावर बसून तारा डकवायचा, लिहायचा, खोडायचा. अखेर ते चाललं. तात्पुरतं. आता राहिलं होतं ते आतल्या चिपवर कायमचं लिहिणं.

"आज?" नालवोगा किंचाळलीच. "आजच सुचलं तुम्हाला?"

"अगं, जुनं आहे त्याचा काय भरवसा? ऐन 'हो' म्हणायच्या वेळी रुसलं म्हणजे?"

"आणि तुमचं रुसलं म्हणजे?"

"माझं रुसत नाही."

"पाण्याचा पंपही रुसला नव्हता. सरळ उडाला."

"पाच मिनिटांचं काम आहे गं."

"हे बघा," ती दात आवळून म्हणाली, "आईला आज लग्न दिसलं नाही ना, तर तुम्हाला त्या फणसाला बांधीन. बसा मग रेंज मोजत." आणि ती पाहुण्यांच्या खुर्च्या आणायला शेजारी गेली.

लुटवामानं ओट्यावर लॅपटॉप मांडला, खिडकीतून आत गेलेली केबल जोडली आणि बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली: लिहिणं चालू आहे, वीज बंद करू नका. बंद केली तर यंत्राची वीट होते, भिंतीत बसवावी इतकी.

आणि व्हिक्टोरिया सरोवराकडून ढग गडगडला.

सासूबाईंचा नियम घरादाराला पाठ होता: आभाळ वाजलं, की सगळे प्लग बाहेर. मागच्या पावसात शेजाऱ्याचा फ्रिज वीज पडून जळला, तेव्हापासून तर विचारूच नका. आतून सासूबाईंच्या सपातांचा आवाज आला. बैठकीतून निघाल्या. वळल्या. खोलीत शिरल्या.

"आत्या!" तो ओरडला. आत्या म्हणजे नालवोगाच्या वडिलांची बहीण, खोलीच्या दाराशी चटईवर शेंगा सोलत बसलेली. जावई-सासूमधली एवढीच काय ती सरकारी वाट. "आत्या, त्यांना सांगा, प्लग काढू नका!"

"वहिनी, जावईबापू म्हणतात प्लग राहू दे."

"त्यांना विचारा, घर जळलं तर काय ते प्लगात राहणार?"

"जावईबापू, घर जळलं तर..."

"ऐकलं मी, आत्या! सांगा, आत्ता काढला तर लग्न दिसणार नाही!"

आत सपाता थांबल्या. मग सासूबाईंचा आवाज आला, आणि तो चढलेला नव्हता, हे जास्त वाईट. "त्यांना विचारा, सकाळी तर सगळं चालू होतं. मग कुणी काय केलं?"

खिडकीखाली भिंतीला पाठ लावून उकिडवा बसलेला लुटवामा भिजायला लागला होता. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमेना. "मी केलं," तो म्हणाला. "सांगा, चूक माझी आहे. पण आता हात जोडतो, थोडा वेळ द्या."

"वहिनी, जावईबापू रडतायत," आत्यानं परस्पर भर घातली.

आतून निकाल आला. "एक स्तोत्र म्हणून होईपर्यंत थांबते. मग काढणार."

"लांबलचक निवडायला सांगा!"

सासूबाई गाऊ लागल्या. एक हात प्लगवर ठेवून. वीज लखलखली की त्यांचा सूर वर जायचा आणि लय वाढायची. इकडे पडद्यावरची पट्टी मुंगीच्या चालीनं सरकत होती. शेवटचं कडवं आलं तरी थोडी उरलीच होती. लुटवामानं आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे आणखी एक कडवं मागितलं. सासूबाईंनी "आमेन" म्हटलं आणि पट्टी भरली.

"झालं! आत्या, झालं! आता यंत्र आपोआप बंद होऊन चालू होईल. दिवा दिसतोय का विचारा!"

"वहिनी म्हणतात, लुकलुकतोय."

"शाबास! आता स्थिर होईल!"

"लुकलुकतोय... लुकलुकतोय..." आत्या शेंगा सोलत म्हणाली. "गेला."

"गेला म्हणजे?"

"विझला. मेला. वहिनी म्हणतात, आता मेलेल्याला वीज कशाला? काढते."

पुढचं कसं झालं ते लुटवामाला अजून नीट सांगता येत नाही. मधेच वीज गेली तर सगळंच संपलं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. चिखलाच्या पायांनी तो खिडकीतून आत उडी मारून थेट सासूबाईंच्या गादीवर उतरला आणि प्लगवरचा हात त्यानं दोन्ही हातांनी गच्च धरला.

हात अर्थातच सासूबाईंचा होता.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नालवोगाचं नाक कुठून आलं ते त्याला तेव्हा कळलं. सासूबाईंनी डोक्यावरून पदर ओढावा तशी चादर ओढून घेतली, आणि लुटवामानं, दुसरं काहीच हाताशी नव्हतं म्हणून, तोंडावर त्यांची उशी धरली. दोघंही लटपटत होती.

इतक्यात बैठकीतून ऑर्गनचे सूर आले. मागोमाग खुर्च्या घेऊन परतलेल्या नालवोगाची किंकाळी: "आई! लागलं! फ्लाविया आली! आई, अगं कुठे आहेस?"

वायफाय ठणठणीत चालू होतं. केव्हाचंच.

सासूबाई चादरीसकट धावल्या. लेक पांढऱ्या झग्यात उभी होती आणि हाक मारत होती, "आई, दिसतेय का मी?" बाई टॅबला कवटाळून हुंदके देत राहिल्या. चित्र एकदाही अडकलं नाही. शपथा झाल्या, अंगठ्या झाल्या, केक कापला.

हे सगळं लुटवामाला ऐकायला मिळालं. कारण हात लावल्यावर सासूबाईंच्या नजरेच्या टापूतही यायचं नाही, असा आत्यानं जागीच हुकूम काढला आणि त्याला स्वयंपाकघरामागे, लाकडांच्या ढिगाजवळ, भिंतीकडे तोंड करून बसवलं. तिथे त्यानं लॅपटॉपवर आपलंच लिखाण पुन्हा वाचलं आणि कपाळावर हात मारला. दिव्यासाठी त्यानं उलटी ओळ लिहिली होती: यंत्र चालू असेल तेव्हा दिवा बंद. छोटीशी चूक. त्यानं ती तिथल्या तिथे दुरुस्त करायला घेतली.

"जावईबापू," ताटात मटोकेचा, म्हणजे उकडलेल्या कच्च्या केळ्यांचा गोळा आणि शेंगदाण्याचं कालवण घेऊन आत्या आली. "वहिनींचा निरोप आहे."

लुटवामानं मान ताठ केली. एवढ्या महिन्यांची मेहनत, त्यात आजचा दिवस. दोन शब्द तर बनतातच.

"त्या म्हणतात, तो दिवा रात्री मेला डोळ्यांत जायचा. तो तेवढा विझवलात ते बरं केलंत. लग्न काय, ते तर टॅबवर दिसलं."