मन्मथप्पांचं यंत्र

चहा आला, की मन्मथप्पा आधी चमचा तपासत. तारेची कॉइल यंत्राला जोडायची, चमच्यावर टेकवायची आणि काटा कुठं थांबतो ते बघायचं. "रवा जाड हाय," म्हणून चमचा बाजूला सारायचे आणि साखर पेन्सिलीनं ढवळायचे.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा हापसे दुरुस्त करणाऱ्या आमच्या वर्कशॉपात हे यंत्र आलं. कॉइलमधून वीज गेली की चुंबकत्व तयार होतं आणि लोखंड न कापता त्याच्या आतल्या कणांचा, म्हणजे रव्याचा, अंदाज येतो. भट्टीत जास्त तापलेल्या लोखंडाचा रवा वाढतो. वरून धडधाकट दिसलं तरी ते ताणाला टिकत नाही. मी स्टोअर सांभाळायचो, अप्पा यंत्र. यंत्रापुढं त्यांना दुसरं काही दिसायचं नाही.

लेकीच्या, काशीच्या लग्नात ते यंत्र घेऊनच मांडवात आले. व्याह्यांनी मिरवत आणलेल्या स्टीलच्या परातीला कॉइल लावली आणि भर पंगतीत सांगून मोकळे झाले, "काठाला चिरणार ही." व्याह्यांनी ते मनाला लावून घेतलं. तेव्हापासून काशीचं माहेर तुटलं. मला अप्पांचा भयंकर राग आला होता. एवढं शहाणपण हवं कशाला?

मग दुष्काळ पडला. चाकूरकडं, काशीच्या सासरच्या गावातला एकुलता एक हापसा बंद पडला. त्यासाठी आलेले रॉड अप्पांनी तपासले आणि सगळे नापास केले. व्याही स्वतः वर्कशॉपात आले. हेच रॉड द्या, पोरीला सणाला पाठवतो, म्हणाले. अप्पांनी पुन्हा कॉइल लावली. काटा नापासाच्या खुणेवरून हलेना आणि अप्पाही हलेनात.

शेवटी म्हणाले, "बोअरात मोडला तर गाव लई दिवस कोरडं राहील. देता येत न्हाई."

अप्पा सूड घेताहेत, असं समजून व्याही तोंड फिरवून गेले. गावानंही तेच धरलं.

दुसरे रॉड यायला बरेच दिवस गेले. ते पास करून अप्पा स्वतःच बसवायला गेले. परत आले आणि कॉइल पुसत बसले. पाणी चांगलं येतंय, एवढंच बोलले.

मला राहवेना. काशी बोलली का, म्हणून विचारलं.

"न्हाई," अप्पा म्हणाले. "भरलेला हंडा मीच तिच्या डोक्यावर चढवला. ओझं लई होतं. कशी बोलल ती?"