अमडापूरच्या भिंतीवरचं व्हेनिस

भिंत उघडी राहिली की घराची अब्रू जाते, हे आता सर्वमान्य झालं आहे. पूर्वी पोपडे नसले की भागत असे. हल्ली जुन्या शहराचं चौकटबंद चित्र लागतं, आणि ते शहर आपण पाहिलेलं नसावं अशी अट आहे. (पाहिलेलं असलं की तिथलं पार्किंग आठवतं.)

अमडापूरचे इंद्रभान भाजीपाला पिकवतात. मुलगा कुलदीप शेती करतो म्हणून मुली त्याला नकार देत, आणि शेती नसलेल्यांना मुलींचे बाप. सजावटकाराने निदान केलं की दोष हॉलचा आहे. म्हणून सोफ्याच्या वर तीनशे वर्षांपूर्वीचं व्हेनिस आलं: घरं पाण्यात, रस्त्यांच्या जागी होड्या.

इंद्रभानच्या आई तानुबाई यांचं शास्त्र पक्कं. भिंतीवर काचेआड दोघेच जातात, देव आणि गेलेले. व्हेनिसला चार हात दिसेनात, तेव्हा त्यांनी चंदनाचा हार घातला. "हार नाही घातला तं पाव्हणे काय म्हनतीन?"

पाहुणे आले. मुलीचे वडील अर्जुनराव नांदुऱ्याकडचे. त्यांचं गाव धरणात गेलं. आता ते पुनर्वसनाच्या वसाहतीत राहतात. (तिथे प्रत्येक भूखंडाला क्रमांक आहे, सावली मंजूर व्हायची आहे.) पोह्यांची बशी हातात, नजर चित्रावर.

"तुमचं मूळ गाव कोणत्या धरणात गेलं हो?"

इंद्रभाननी कुलदीपच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "पाण्यातच हाये ते," ते म्हणाले. माहिती बिनचूक होती.

अर्जुनरावांनी बशी खाली ठेवली. "तुम्ही फोटो तरी ठेवला. आमच्या गावाचा एकबी नाही. काढावा असं कोनाले सुचलंच नाही." त्यांचे डोळे भरून आले. मध्यस्थ म्हणून मी शेजारीच होतो. मलाही गलबलून आलं, पण सोयरीक जुळत असल्याने खुलासा पुढे ढकलला.

लग्न ठरलं. अर्जुनरावांनी एकच गोष्ट मागितली, त्या चित्राची प्रत. आज वसाहतीत जवळपास घरोघर हारासकट व्हेनिस आहे. पितृपक्षात त्याला नैवेद्य दाखवतात. म्हाताऱ्या नातवंडांना त्यात आपापलं घर दाखवतात. त्यांच्यातल्या सत्यभामाबाईंना तर गोठाही सापडला. मी खुलासा करायला गेलो होतो. चहा घेऊन परत आलो.

आपल्याला हसू आलं असेल, ते रास्तच आहे. आपलं गाव काही धरणात गेलेलं नाही. जागच्या जागी आहे, एसटीही जाते. मग आपल्या भिंतीवर ते का नाही?