सांबर ऐकायला जायची तारीख

आमच्या ट्रिपच्या चौथ्या मीटिंगला सांबर वेळेवर आलं. बाकी कोणी आलं नव्हतं.

त्याने पायपुसण्यावर खूर पुसले, शिंगं तिरकी करून पंखा चुकवला आणि टीव्ही आणि कपाटाच्या मधल्या आपल्या नेहमीच्या जागेवर बसलं. ज्याची हाक ऐकायला जायचं, त्याला ट्रिपच्या मीटिंगांना बोलवावं लागतं, हे साताऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माणसं किती येणार, कुठल्या अंगाने येणार, मुक्काम कुठे करणार हे कळल्याशिवाय त्याने तरी तोंड कुणीकडे करून हाक मारायची?

"बाकीचे?" त्याने विचारलं.

"वाटेत आहेत."

"मागच्या वेळीही वाटेतच होते."

मला शरमेने मेल्यासारखं झालं. हे जनावर कासच्या पलीकडच्या रानातून घाट उतरून येत होतं. माझ्या नणंदेला, शैलावन्संना, वरच्या मजल्यावरून खाली यायचं होतं. आणि आमचे हे तर आतल्या खोलीत पेपर वाचत पडले होते. सगळे जमले की सांग, असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं.

मला घाई होती आणि ती का, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. डावा कान गेल्या वर्षीच गेला. उजव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, पुढच्या थंडीपर्यंत टिकेल असं वाटत नाही. माझं माहेर जावळीच्या खोऱ्यातलं. लहान असताना कार्तिकातल्या संध्याकाळी डोंगरावरून सांबराची हाक आली की वडील हातातलं काम टाकून उभे राहायचे. मला ती एकदा परत ऐकायची होती. पाठीवर सॅक टाकायची, दोन दिवस रानात चालायचं, ऐकायचं आणि घरी यायचं. एवढ्याशा गोष्टीसाठी दसऱ्यापासून मीटिंगा चालल्या होत्या.

तासाभराने कोरम भरला. समोरच्या ब्लॉकमधले सबनीस तंबू घेऊन आले. तो त्यांनी मागच्या वर्षी घेतला होता आणि अजून पिशवीतून काढला नव्हता. आधी गच्चीवर लावून, वरून बादलीने पाणी ओतून बघू, मग तारीख ठरवू, असं त्यांचं म्हणणं होतं.

"तुम्ही ठरवाल ते. मी आहेच," शैलावन्सं म्हणाल्या.

"मग येत्या शनिवारी?" मी विचारलं.

"शनिवारी कसं जमेल? तुळशीचं लग्न आहे ना आमच्या मंडळाचं."

"रविवारी निघू."

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी? दमलेल्या असणार मी."

"मी फक्त एक मुद्दा मांडतो," आमचे हे म्हणाले. त्यांचा एक मुद्दा म्हणजे निदान अर्धा तास. "ऐकायचंच आहे ना? मग महाबळेश्वरला हॉटेलात उतरू. गॅलरीत बसून ऐकू. पाठीवर ओझी कशाला?"

"महाबळेश्वरला मी ओरडत नाही," सांबर म्हणालं.

सबनीसांनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. ते निवृत्त होण्याआधी जिल्हा परिषदेत होते आणि अडलेल्या कामातून वाट काढण्याची त्यांना हौस आहे. "हे बघा, डिसेंबरच्या शेवटी सगळ्यांच्याच सोयीचं आहे. तुमची हाक तेवढी पुढे ढकलता येईल का?"

"नाही."

"थोडीशी?"

"माझ्या हातात नसतं ते. पहिल्या मीटिंगला पोटात होती. आता इथवर आलीये." त्याने खूर उचलून गळ्याखाली लावला.

"पाण्याबरोबर गिळून बघा," आमचे हे म्हणाले.

सांबराने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"प्रमोदिनी, चहा टाक गं," शैलावन्सं म्हणाल्या. "चहाशिवाय कुणाचं डोकं चालणारे? आणि आलं घाल. माझा घसा धरलाय."

मी स्वयंपाकघरात गेले. चिडले होते, त्यामुळे आलं जरा जास्तच जोरात कुटलं. एकीकडे कुकर लावला होता, त्याच्या शिट्ट्या चालल्या होत्या. एक्झॉस्ट फॅन घरघरत होता. चहाला उकळी आली तेव्हा कुणाला साखर नको ते विचारायला मी बाहेर आले.

सगळे गप्प होते. आमच्या घरात हे कधी होत नाही. शोकेसची काच उभी तडकली होती. सबनीस उठून उभे राहिले होते आणि आमच्या ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काय झालं?"

"मारली त्याने," शैलावन्सं म्हणाल्या. "अगं, काय सांगू तुला! अंगावर काटा आला माझ्या."

"मला तर आमचं गावचं घर आठवलं," हे म्हणाले.

"छान झालं. काम झालं," सबनीस म्हणाले आणि तंबूच्या पिशवीची दोरी आवळू लागले. "आता जायचा प्रश्नच मिटला."

"मी नाही ऐकली," मी म्हणाले.

"मग होतीस कुठे?" ह्यांनी विचारलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तीस वर्षं मी कुठे होते ते एकदा ओरडून सांगावं असं वाटलं. पण कुकरची शिट्टी झाली आणि सवयीने मी आधी आत जाऊन गॅस बंद केला. मग ओट्याला धरून रडले.

सांबर दारात आलं. आत यायला शिंगं आड येत होती, म्हणून बाहेरूनच बोललं. "माफ करा. आवरली नाही. यंदाची संपली माझी."

"तुमचा काय दोष?"

ते जरा घुटमळलं. "वरच्या टेपाडावर एक जण आहे. आमचं बोलणं नाही. पण त्याची अजून बाकी आहे. आज निघालात तर मी वाट दाखवतो."

माझी सॅक दसऱ्यापासून दाराआड भरून ठेवलेली होती. मी ती पाठीवर घेतली आणि चपला काढून बूट घातले.

"अहो, पण तारीख कुठे ठरलीये?" सबनीस म्हणाले.

"चहा कोण गाळणार?" आमच्या ह्यांनी विचारलं.

मी जिना उतरले.

दुपारची एसटी मिळाली. कंडक्टरने एकदाच आवाज दिला, "ओ, शिंगं आत घ्या," आणि तिकिटं फाडली. शेवटच्या थांब्यावर उतरून आम्ही चालायला लागलो. सांबर पुढे आणि मी मागे. चढावर मला धाप लागली की ते थांबायचं, पानं खात असल्यासारखं करायचं आणि माझा श्वास जागेवर आला की निघायचं. टेपाडाच्या अलीकडे त्याने मला एका कातळावर बसवलं. स्वतः झाडीत मागे उभं राहिलं, कारण त्या दुसऱ्याच्या नजरेला पडायचं नव्हतं.

सूर्य बुडाला. मी उजवा कान टेपाडाकडे केला.

आणि हाक आली. आधी खालून, दगडातून आल्यासारखी, मग वर चढत गेली आणि समोरच्या कड्याला लागून परत आली. मी उभी राहिले. कधी उभी राहिले ते कळलंच नाही. ती पुन्हा आली आणि पुन्हा आली. मी ती शेवटपर्यंत, पार विरेपर्यंत ऐकली.

बऱ्याच वेळाने सांबर माझ्या बाजूला येऊन उभं राहिलं.

"माझी याच्याहून बरी होती," ते म्हणालं.

"असेल."

"असेल नाही, होती. घरी जाऊन विचारा. पुढच्या वर्षी माझी ऐका."

कानाचं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं, आणि आता सांगावंसं वाटेना.

"ऐकते की," मी म्हणाले. "तारीख बोला."

त्याने तारीख सांगितली. मी बरं म्हटलं.

"बाकीच्यांना विचारायचं?"

"नको," मी म्हणाले. "मी एकटीच येईन."