कपाटानं पेललेली गाडी

"छत म्हणजे काय हो? डब्याचं झाकण!" असं म्हणत जावयानं बायकोच्या ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीला पत्रा कापायचा ग्राइंडर लावला.

जावई लोखंडी फाटकं बनवायचा. त्यामुळे जगातलं सगळं लोखंड आपल्याला विचारूनच जन्माला येतं, असा त्याचा समज. अशी दीडशहाणी माणसं गल्लोगल्ली सापडतात आणि नेमकी त्यांच्याच हातात हत्यारं असतात. सासरे लेकीकडे कायमचे राहायला निघाले होते, लोखंडी कपाटासकट. कपाट आडवं न्यायचं नाही, आतल्या इस्त्रीच्या घड्या मोडतील, हा त्यांचा हुकूम. उभं न्यायचं तर छत आड येत होतं.

"जावईबापू, लेकीला विचारलंत का? उद्या तिच्या शिकाऊ पोरीची परीक्षा आहे याच गाडीवर. तुमचं घर चालतं त्या गाडीवर!"

"बाबा, ओझं खालची चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, पेलते. वरचा पत्रा नुसता शोभेला. संध्याकाळी चिकटवून देतो."

छत गेलं. मधले खांब आड आले, तेही गेले. मागची सीट काढून चौघांनी कपाट आत उभं केलं. गाडी कर्रर्र करून कण्हली आणि मधोमध खचली. पुढची काच आणि मागचा भाग एकमेकांकडे झुकले आणि सांडशीत पातेलं धरावं तसं कपाट धरून बसले.

बायको आली तेव्हा नवरा गाडीखाली वाकून बघत होता.

"काय हरवलं?"

"चासी."

"अहो, या गाडीला ती नसतेच! छत, खांब, तळ, सगळा पत्रा मिळून भार घेतो. अंड्याच्या कवचासारखा. अंड्याला कुणी खाली चासी बसवतं का?"

नवऱ्यानं घाईघाईनं कपाट ओढलं. गाडी आणखी वीतभर बसली. परत ढकललं, तशी ती सावरली.

"हात लावू नका! आता तेच पेलतंय. आहे तिथंच वेल्डिंग मारा."

त्यानं मारलं. कपाटाभोवती छताचे तुकडेही जोडले. कपाटाचं डोकं तेवढं वर धुराड्यासारखं राहिलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षक गाडीभोवती फिरला. आत मागं, सीटच्या जागी, नवरा कपाटाचं दार दाबून बसलेला, शेजारी सासरे आतून सदरा काढण्यासाठी त्याच्याशी झटापट करत होते.

"मॅडम, हे आधी काढा. त्याशिवाय परीक्षा नाही."

"साहेब, कपाट काढलं तर गाडी बसेल," बायको म्हणाली. मग तिनं नवऱ्याकडे बोट दाखवलं. "काढायचंच असेल तर यांना काढा. यांच्यावर काहीच उभं नाहीये."