फोनला किती माग

आमच्या फोनने सोमवारी सकाळी सांगितलं की यापुढे तो एका वेळी एकच काम करील.

मी चहा पीत होतो. फोनवर भजन लागलं होतं, हवामान दिसत होतं आणि मधेच सुताचा भाव येत होता. भजन थांबलं आणि फोन बोलला. आवाज चढा नव्हता.

"तात्या, भजन ऐकायचं तर भाव मिळणार नाही. भाव बघायचा तर भजन बंद. काय ते एक सांगा."

मी भाव म्हणालो. त्याने भाव दाखवला आणि गप्प बसला.

यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. आमचं गाव यंत्रमागांचं आहे. एका कामगाराने किती माग चालवायचे, यावर इथे पिढ्यान्‌पिढ्या भांडण चालतं. मी स्वतः उभा जन्म चार माग चालवले. मालकाने सहा देऊ केले तेव्हा घेतले नाहीत. कामावरून घरी बसवलं, तरी घेतले नाहीत. शेवटी त्यानेच बोलावून नेलं.

अडचण वेगळी होती. माझी नात ऋतिका नर्सिंग शिकली. पुण्याच्या एका इस्पितळाची मुलाखत गुरुवारी होती आणि ती फोनवरूनच द्यायची होती; पडद्याचा फोन घरात हा एकच. सगळा वेळ चेहरा दिसला पाहिजे. मधेच माझ्या नंबरवर आकडे येतील, ते वाचून सांगितले पाहिजेत. मागतील तो दाखला तिथल्या तिथे पाठवला पाहिजे. म्हणजे एकदम तीन कामं. ही जागा हुकली तर पोरगी आईच्या शेजारी कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला बसणार, हे घरात ठरलेलं होतं.

ऋतिका म्हणाली, "आजोबा, फोन आहे तो. त्याला काय विचारत बसायचं? गल्लीत कुणाचाही मागून आणते."

ती गल्लीभर फिरून आली. एकही फोन यायला तयार नव्हता. वाद चालू असताना दुसऱ्याच्या मागावर उभं राहायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज आहे. फोनांनाही तो ठाऊक होता.

मग बापू उरण्यांकडे गेलो. बापू पूर्वी युनियनमध्ये होते. आता कसल्याच पदावर नाहीत, पण मागाचा वाद अजून त्यांच्याकडेच जातो. बुधवारी त्यांनी आम्हाला विणकर सोसायटीच्या ऑफिसात बोलावलं.

मला बघून म्हणाले, "या मालक."

मी खिशातून फोन काढला.

फोन टेबलावर रुमालाच्या घडीवर ठेवला. अक्काताई, म्हणजे माझी बायको, दाराशी बसली. बापूंनी फोनला विचारलं, "गाऱ्हाणं काय?"

"काम जास्त आहे," फोन म्हणाला. "एक हातात असतं तोवर दुसरं देतात. मागचं कुणी बंद करत नाही. मी तापतो, मग मलाच शिव्या."

ऋतिका म्हणाली, "बापूआजोबा, कॉम्प्युटर नाही का सगळं एकदम करत? मग यालाच काय झालं?"

"त्यालाच विचारू की," बापू म्हणाले.

सोसायटीचा कॉम्प्युटर कोपऱ्यात प्लास्टिकच्या कव्हराखाली असतो. तो जुना आहे. चालू व्हायला वेळ घेतो. आम्ही चहा मागवला. चहा संपला तेव्हा तो चालू झाला.

बापूंनी विचारलं, "तू म्हणे एकदम सगळी कामं करतोस?"

"लोक म्हणतात," कॉम्प्युटर म्हणाला. "एकदम कोणीच करत नाही. मी या कामावरून त्या कामावर फिरतो. लवकर फिरतो म्हणून तुम्हाला एकदम वाटतं. तात्यांनी चार माग चालवले, ते काय चारही ठिकाणी उभे होते?"

"नव्हतो," मी म्हणालो.

"शिवाय मला पंखा आहे. तारेतून पोटभर वीज आहे. बसायला टेबल आहे. संध्याकाळी ऑफिस बंद झालं की मी सुटतो. याला यातलं काय आहे?"

फोन म्हणाला, "मी तंबाखूच्या चंचीशेजारी असतो."

अक्काताई दारातून म्हणाली, "मी सांगून थकले."

ऋतिकाने तरीही हार मानली नाही. ती म्हणाली, "पण लोकांचे फोन करतात. हाच कसा नवाबासारखा?"

"तात्यांनी सहा माग का घेतले नाहीत, ते त्यांना विचारा," फोन म्हणाला. "खिशात बसून बऱ्याचदा ऐकलंय. सगळ्यांना ऐकू दे."

बापू माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कारण माहीत होतं. त्या वेळी ते माझ्याबरोबर कारखान्याच्या फाटकाबाहेर बसले होते.

मी म्हणालो, "सहा मागांवर फिरताना कुठे सूत तुटलं ते दिसत नाही. कापडात डाग राहतो. मालक कुणीही असो, कापड माझ्या हातचं असतं."

"माझं म्हणणं तेवढंच आहे," फोन म्हणाला.

ते माझंच बोलणं होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर बोललो असतो.

बापूंनी निकाल दिला. फोनने दोन माग चालवावेत, म्हणजे दोन कामं; मोठं काम असेल तेव्हा एकच. घड्याळ मागात धरू नये. कामगारांना शुक्रवारी सुट्टी असते, ती फोनलाही द्यावी. चंची दुसऱ्या खिशात ठेवावी. मी मान्य केलं.

"आता वाद मिटला," बापू म्हणाले. "उद्याला बदली कामगार लावा. घरचेच लावा."

तशी वाटणी झाली. मुलाखत सोसायटीच्या ऑफिसातून द्यायची, म्हणजे तिथलं इंटरनेट मिळेल. कॉम्प्युटरला कॅमेरा नाही, म्हणून चेहरा फोनने दाखवायचा. दाखले कॉम्प्युटरने पाठवायचे. माझं सिमकार्ड अक्काताईच्या बटणांच्या फोनमध्ये घालायचं, आकडे तो घेईल. त्या फोनला विचारलं. तो कमी बोलतो. एकदा वाजला, तोच होकार धरला.

गुरुवारी ऋतिका पांढरा ड्रेस घालून खुर्चीत बसली. फोन तिच्यासमोर डब्याला टेकून उभा केला. पलीकडे तिघं होते, मधल्या बाई विचारत होत्या. आकडे आले, अक्काताईने वाचले, ऋतिकाने सांगितले. पहिला दाखला कॉम्प्युटरने पाठवला. काम मागासारखं लागलं होतं.

बाईंनी शेवटच्या वर्षाचा दाखला मागितला आणि लाइट गेली.

गावातले सगळे माग एकदम थांबले. कॉम्प्युटर बोलता बोलता बंद झाला. इंटरनेट गेलं. बाई तोंड उघडं ठेवून पडद्यावर तशाच राहिल्या.

ऋतिका खुर्चीतून अर्धी उठली. "गेलं, आजोबा," ती म्हणाली.

तेव्हा फोन बोलला. "तात्या, सिमकार्ड माझ्यात घाला, इंटरनेट त्यावरून घेतो. तिन्ही बघतो."

"निकाल एका कामाचा आहे," मी म्हणालो. ठरलं ते ठरलं.

"शेजारचा माग बंद पडून उभा राहिला तर हात लावायचा, तो आपल्यात धरायचा नाही. हेही तुम्हीच सांगता. वेळ घालवू नका."

अक्काताईने बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. बटणांच्या फोनमधलं कार्ड काढलं, पिनेने या फोनचा कप्पा उघडला आणि कार्ड बसवलं. तुटलं सूत जोडायला लागतो तेवढाच वेळ लागला.

बाई पुन्हा हलल्या. "तुमच्याकडे मोठा आवाज होता, तो थांबला," त्या म्हणाल्या.

"लाइट गेली, मॅडम. आमचं गाव थांबलंय. मी आहे," ऋतिका म्हणाली.

मधल्या बाई पहिल्यांदा हसल्या.

फोन फिरायला लागला. चेहरा दाखवायचा, तो सोडून आकडे घ्यायचा, मग दाखल्याचा फोटो काढून पाठवायचा आणि परत चेहऱ्यावर यायचा. मधेच चित्र क्षणभर थांबायचं, पण तुटलं नाही. तो किती तापला ते डब्याला हात लावला तरी कळत होतं. अक्काताई बाईंना दिसणार नाही अशी खाली बसली आणि पदराने त्याला वारा घालत राहिली. मुलाखत संपेपर्यंत तिचा हात थांबला नाही.

संपल्यावर फोन म्हणाला, "याला पायंडा समजू नये."

"नाही समजणार," बापू म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी दुपारी फोन वाजला. सुट्टीच्या दिवशी तो वाजत नाही. मी खिशातून काढला.

"सुट्टी आहे, पण पुण्याचा निरोप आहे," तो म्हणाला. "मागात धरू नका. ऋतिकाला घेतलं. एक तारखेला हजर व्हायचंय."

मी नीट ऐकलं. पुन्हा सांग म्हणालो, त्याने पुन्हा सांगितलं.

"घरात तूच सांग," मी म्हणालो.

"आज सुट्टी आहे, तात्या," फोन म्हणाला.

ते खरं होतं. मी त्याला रुमालाच्या घडीवर ठेवला आणि अक्काताईला हाक मारली.