दोन हॉर्न आणि चोविसावा पालक

"यापुढे जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत एकही पालक अज्ञानाच्या अंधकारात राहणार नाही!"

महाविद्यालयाचे वरिष्ठ लिपिक श्रीकृष्णराव यांनी जुलै महिन्याच्या प्रारंभी ही घोषणा प्राचार्यांच्या दालनात केली, तेव्हा तिचा आवाज एवढा प्रचंड होता, की बाहेरच्या बाकावर दाखल्यासाठी बसलेले दोन विद्यार्थी घाबरून उभे राहिले!

योजना अशी होती. प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रवेश अर्जावर पालकांचा भ्रमणध्वनी क्रमांक असतोच. जो विद्यार्थी तासांना गैरहजर राहील, त्याच्या पालकांना त्याच दिवशी दुपारी दोन वाजता व्हॉट्सअॅपवर संदेश जाईल. विद्यापीठाच्या परीक्षेला बसू न शकलेल्या मुलाचा बाप मार्च महिन्यात येऊन "आम्हाला कोणी कळवलंच नाही" असे म्हणतो, ते म्हणणे कायमचे बंद!

प्राचार्या कुसुमावती मॅडम यांनी चष्मा काढला. मॅडमनी चष्मा काढला, की समोरच्याची धडगत नसे. "भाऊसाहेब, डोंगरातल्या पालकांपर्यंत हे पोहोचेल?"

"पोहोचेल! आणि एक जरी पालक अनभिज्ञ निघाला, तर मी ही योजना सोडीन आणि पुन्हा आवक-जावकच्या टेबलावर जाऊन बसेन!"

हे बोलणे साधे नव्हे, वाचकहो! आवक-जावकचे टेबल जिन्याखाली होते. तेथे उभे राहिले तर डोके आपटते आणि बसले तर जिन्याच्या फटींतून गळणारे पाणी नेमके मानेवर पडते. श्रीकृष्णरावांनी तेथे अकरा पावसाळे काढले होते. तेथून ते खिडकीजवळच्या टेबलावर आले, त्या दिवशी त्यांनी साऱ्या कार्यालयाला पेढे वाटले होते.

संदेशाचा मसुदा त्यांनी स्वहस्ते तयार केला. 'महोदय, आपला पाल्य आज ज्ञानमंदिराच्या पायरीस पदस्पर्श करण्यास असमर्थ ठरला आहे, हे कळविताना आमचे अंतःकरण जड होत आहे.' आणि सर्वांत खाली पाल्याचे नाव.

संगणकावर काम करणारी प्रांजल म्हणाली, "भाऊसाहेब, नुसतं 'गैरहजर' लिहिलं तर?"

"गैरहजर हा शब्द हजेरीपटात शोभतो, प्रांजल! पालकाच्या काळजाला हात घालायचा, तर भाषा भारदस्त हवी."

संदेश जाऊ लागले. रोज दुपारी दोन वाजता प्रांजलचे बोट चालू लागले, की श्रीकृष्णराव खिडकीतून डोंगरांकडे असे पाहत, जणू काही पाड्यापाड्यांवर त्यांनी स्वतः दिवे लावले आहेत!

त्यांच्या अभिमानाला आणखी एक घरगुती कारण होते. त्यांचा चिरंजीव सौरभ याच महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकत होता. "दोन महिने झाले! माझ्या मोबाइलवर एकही संदेश आलेला नाही!" असे ते चहाच्या प्रत्येक कपाबरोबर सांगत.

सुखात विरजण घालणारी गोष्ट एकच होती. त्यांचे घर मोखाड्याच्या रस्त्याला लागून. संध्याकाळी पाचच्या सुमारास ते चहाचा कप ओठाला लावीत आणि एक जीप अगदी दारासमोर येऊन हॉर्न वाजवी. आठवड्यातून तीन-चार वेळा तर लागोपाठ दोन! श्रीकृष्णराव अंगणात धावत आणि धुळीला उद्देशून जे बोलत, ते येथे लिहिण्यासारखे नाही. अखेर त्यांनी 'ध्वनिप्रदूषणाने गांजलेला नागरिक' अशी सही करून नगरपरिषदेकडे अर्ज दिला.

सप्टेंबरात मात्र घोटाळा झाला. पालकसभेची यादी करताना प्रांजल थांबली.

"भाऊसाहेब, या एका माणसाला चोवीस मुलं आहेत."

"काय?"

"एकच नंबर, चोवीस अर्जांवर."

श्रीकृष्णरावांनी स्वतः फोन लावला. पलीकडून इंजिनाची घरघर आणि एक खणखणीत आवाज आला, "बोला! किती शिटा?"

"कोण बोलतंय?"

"रघु. सूर्यमाळची जीप. पाच वाजता सुटंल. पुढची सीट फुल झाली!"

हा प्रकार मॅडमच्या कानी जायला पाच मिनिटेही लागली नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे दोन महिने आपण चोवीस पालकांचे संदेश एका जीपवाल्याला पाठवत होतो! बंद करा ही योजना."

"बंद? मुळीच नाही!" श्रीकृष्णराव ताठ उभे राहिले. "योजना फसल्याचे सिद्ध झाल्याविना मी माघार घेणार नाही! सोमवारच्या सभेला त्या जीपवाल्यासकट सर्व पालकांना बोलवा. एक जरी अनभिज्ञ निघाला, तर माझा शब्द आणि जिन्याखालचे टेबल मला ठाऊक आहे!"

बोलून तर गेले; पण रविवारी त्यांना जेवण गेले नाही. मान उगीचच ओली झाल्यासारखी वाटत राहिली.

सोमवारी अकरा वाजता दहा शिटांची ती जीप महाविद्यालयाच्या आवारात शिरली आणि तिच्यातून माणसे उतरू लागली. उतरतच राहिली! जिलबीच्या परातीतून जिलब्या निघाव्यात, तशी एकात एक अडकलेली माणसे निघत होती. दुसऱ्या खेपेला उरलेली आली. एकूण तेवीस पालक. शेवटी खांद्यावर टॉवेल टाकलेला रघु. सारे प्राचार्यांच्या दालनात जमले; हजेरीपटासाठी प्रांजलही तेथेच संगणक मांडून बसली.

"तू या मुलांचा पालक आहेस?" मॅडमनी चष्मा काढून विचारले.

"नाय मॅडम, डायवर हाय. वरती पाड्यांवर रेंज येत नाय. फारमावर नंबर पायजे म्हणाले, म्हणून पोरांनी माझा टाकला. माझा फोन रोज जव्हारला येतो ना! भिवंडीला टेम्पो चालवायचो, तवापासून वाचायला पक्का हाय अपुन."

"आणि हे संदेश तू पालकांना वाचून दाखवतोस?"

रघुने श्रीकृष्णरावांकडे चोरून पाहिले. "पहिल्या दिवशी वाचला. पायरी, जड अंतःकरण... मला वाटलं, पोरगं गेलंच! मालूच्या आईला सांगायला जीभ रेटंना. मग दुसऱ्या सकाळी मालूच मागच्या शिटावर दिसली, तवा जीव भांड्यात पडला. तवापासून खालचं नाव तेवढं बघतो, बाकी वाचत नाय."

"ऐकलंत भाऊसाहेब? वाचतच नाही!"

श्रीकृष्णरावांना जिन्याखालचा कुबट वास येथपर्यंत आला.

तेवढ्यात मागून एक बाई पुढे आली. ही मालूची आई, सूर्यमाळची गोजाबाई. तिने पदर खोचला आणि मॅडमच्या टेबलावर हात आपटला. "वाचायला कशाला पायजे? आमाला समदं ठावं हाय!"

"बरं, तुमची मुलगी गेल्या महिन्यात किती दिवस आली नाही?"

"चार दिस. दोन दिस नागली बेणायला, तण काढायला, मीच ठेवली. एक दिस ताप. आन् एक दिस येष्टी आली नाय, जीप आधीच भरलेली. तुमच्या वहीत बघा!"

प्रांजलने पाहिले. "बरोबर चार!"

"तुम्हाला कळलं कसं?"

"हॉर्नावरनं! सांजच्याला जीप येताना एक हॉर्न वाजला, पोर कालेजात गेली. दोन वाजले, नाय गेली. एका पाड्यावर दोन पोरं असली का रघु नाव पुकारतो. मी शेतात वाकलेली असते, तरी मोजते. तुमाला बसल्या जागी तरी येतं का मोजाया?"

मग एकेक पालक उठला. कोणी म्हणाला सात, कोणी दोन, कोणी शून्य. तेवीसच्या तेवीस उत्तरे हजेरीपटाशी तंतोतंत जुळली! मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

श्रीकृष्णरावांची छाती एवढी फुगली, की सदऱ्याचे वरचे बटण उडून प्रांजलच्या कळफलकावर पडले! "पाहिलंत, मॅडम? मार्ग कोणताही असो, पालक अनभिज्ञ नाही! अजून कोणाला बंद करायची आहे योजना? येऊ द्या पुढे!"

"पण भाऊसाहेब," प्रांजल हळूच म्हणाली, "यादीत चोवीस आहेत. एक पालक..."

"कोण तो? त्याला उभा करा! बाईमाणूस नागली बेणता बेणता हॉर्न मोजते आणि या गृहस्थाला मुलाची फिकीर नाही? अशा बेजबाबदार पालकाचे नाव मी फलकावर लिहीन!"

रघु टॉवेलाने मान पुसू लागला. "भाऊसाहेब, जाऊ द्या ना."

"जाऊ द्या नाही! तू त्याला कळवले नाहीस का?"

"कळवलं ना! रोज त्यांच्या दारात जीप थांबवून वाजवतो. दोन वाजवले का ते बाहेर येऊन मलाच शिव्या घालतात. मला वाटलं, पोरावरचा राग माझ्यावर काढतात. आता तर म्हणे नगरपरिषदेत अर्ज बी दिला!"

भिंतीवरची पाल नेमकी त्याच वेळी चुकचुकली.

प्रांजलने पडद्यावर पाहून वाचले, "सौरभ श्रीकृष्ण. एकतीस दिवस."

"बाबांचा फोन बिघडलाय, तुमचा नंबर टाकतो, असं बोलला तो," रघु म्हणाला. "मी समजलो, योजनाच तुमची, तुम्हाला हॉर्न कळत असंल."

श्रीकृष्णरावांनी तरीही माघार घेतली नाही. "मॅडम, वस्तुतः हॉर्न माझ्या कानांपर्यंत पोहोचत होता. म्हणजे मला कळविण्यात आलेले होते. सबब मी अनभिज्ञ नव्हे!"

"अस्सं? म्हणजे एकतीस दिवसांचं तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही गप्प बसलात?"

श्रीकृष्णरावांनी क्षणभर दोन्ही बाजू तोलल्या. नंतर दालनाबाहेर येऊन खिडकीजवळच्या टेबलावरची आपली पेनदाणी उचलली आणि ताठ मानेने जिन्याकडे चालू लागले. ताठ मान तेथे पोहोचताच जिन्याला आपटली, ही गोष्ट वेगळी.

योजना सुरू राहिली. फक्त ती प्रांजलकडे गेली, संदेशात 'गैरहजर' एवढाच शब्द उरला आणि रघु पालक प्रतिनिधी झाला. जावक नोंदवहीत श्रीकृष्णरावांनी पहिली नोंद केली, ती हॉर्नविरुद्धचा स्वतःचा अर्ज मागे घेतल्याच्या पत्राची. सौरभला समोर बसवून त्यांनी दोन तास उपदेश केला. सौरभने आईच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली.

पुढच्या बुधवारी संध्याकाळी ते अंगणात खुर्ची टाकून बसले. पाच वाजले. वळणावर जीप दिसली. दारासमोर आली आणि एक हॉर्न वाजला.

एकच!

श्रीकृष्णराव उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा उजळला. "ऐकलंस का गं? संस्कार म्हणतात ते हे! आता सांगतो त्या मॅडमना..."

तेवढ्यात दुसरा वाजला.

आतून चहा गाळता गाळता त्यांच्या पत्नी शीलाबाई मानही वर न करता म्हणाल्या, "बसा अहो खाली. बुधवारी दोनच असतात."