मिरीकरांचा चौथा भाग

‘राखाडी लखोटा’ ही जुनी हेरमालिका कुणी पुन्हा पाहायला घेतली, की तिच्यातले हेर मिरीकर आवडता भाग कोणता हे विचारायला घरी येतात, तसे ते साताऱ्याला इंदुमती परचुरे यांच्याकडेही आले. मालिका कृष्णधवल असल्यामुळे त्यांनी बशी हातात घेताच पोह्यांचा पिवळेपणा गेला. चवीत फरक पडला नाही, असं ते म्हणाले.

कॉलेजात असताना इंदुमतीबाई या मिरीकरांवर जीव टाकत. आता बाईंनी साठी ओलांडली होती आणि ते अजून पस्तिशीतच होते. “काकू, पोहे झकास,” असं ते म्हणाले, तेव्हा बाईंनी पुन्हा वाढायचा विचार जरा लांबणीवर टाकला.

“तर मग, आवडता भाग?”

“सातवा!” बाई म्हणाल्या. “पुलावरचा. पावसात चार मारेकरी घेरतात, डाव्या खांद्यात गोळी बसते, तरी तुम्ही हूं की चूं करत नाही.”

मिरीकरांचा चेहरा उतरला. “सगळे सातवाच सांगतात.”

नियम तसा सर्वांना ठाऊक आहे. निवडलेला भाग हेराला वर्षभर रोज भोगावा लागतो. म्हणजे गोळीही रोज, आणि त्याच खांद्यात.

“चौथा नाही का आवडत?” त्यांनी चाचरत विचारलं.

“त्यात आहे काय? तुम्ही डाक बंगल्यात जेवायला बसता, जीप येते, तुम्ही उठता.”

“तेरा भागांत मी तेवढंच एकदा जेवतो, काकू.”

बाईंचे यजमान वामनराव पेपरामागून म्हणाले, “अगं, देऊन टाक चौथा. कोण बघायला येतंय?”

“खोटी आवड चालत नाही,” मिरीकर खेदाने म्हणाले. “मनापासून लागते. रविवारपर्यंत मुदत आहे.” आणि ते टीव्हीत परत गेले.

बाईंना फार वाईट वाटलं. त्यांनी शनिवारी मटार सोलायला घेऊन चौथा भाग लावला आणि मटार संपायच्या आत त्यांना डुलकी लागली. जागं होऊन त्यांनी नेटाने पुन्हा लावला. या वेळी मात्र त्या ताडकन उठून बसल्या.

“अहो, याला कुणी आग्रहच करत नाहीये! खानसामा एक पोळी टाकून निघून गेला. ही काय वाढायची रीत झाली?” आणि पडद्याकडे बघून त्या म्हणाल्या, “मिरीकर, आणखी एक घ्या.”

“नको,” मिरीकर पडद्यातून म्हणाले.

“नको काय? घ्या म्हणते ना!”

मिरीकरांनी घेतली. मग भाजी घेतली, मग तूप. जीप आली, ड्रायव्हर दारापर्यंत आला, पण ताट भरलेलं पाहून तिथेच थांबला. भरल्या ताटावरून कुणी कुणाला उठवत नाही, हे त्यालाही कळत होतं. ताटातलं संपत आलं की बाईंच्या छातीत धडधडायचं आणि त्या घाईघाईने खानसाम्याला परत बोलावून पुढची पोळी वाढायला लावायच्या. इतका थरार त्यांनी सातव्या भागातही अनुभवला नव्हता.

“अहो, लिहून घ्या. माझा आवडता चौथा,” त्या म्हणाल्या. मिरीकरांनी मान खाली घालून वरणाची वाटी जवळ ओढली. त्यांचे डोळे भरून आले होते.

वामनरावांनी उत्सुकतेपोटी सातवा भाग लावून पाहिला. “अगं, मिरीकर तिकडे पोचलेच नाहीत. ते चौघे मारेकरी पुलावर भिजत उभे आहेत.”

“उपाशी?”

“तसंच दिसतंय.”

“मग बोलवा त्यांनाही. ड्रायव्हरला पाठवा. आणि पिस्तुलं चपलांपाशी ठेवून हातपाय धुऊन बसा म्हणावं.”

ड्रायव्हर चौघांना घेऊन आला. डाक बंगल्यात पंगत बसली. मारेकरी आधी लाजले, पण बाईंनी कुणाचंच ‘पुरे’ ऐकून घेतलं नाही. सगळ्यात शेवटी त्यांचा म्होरक्या उठला. चूळ भरून त्याने चपलांजवळचं पिस्तूल उचललं, मिरीकरांच्या खांद्याकडे नीट पाहिलं आणि एक लांबलचक जांभई दिली.

“संध्याकाळी बघू,” असं म्हणून तो व्हरांड्यात डाव्या कुशीवर आडवा झाला.